कुठून डावी?

ताई गोठ्यात नुसत्या येरझारा घालत होती. सकाळच्या धारेला ठुमकी आणि राणी बरोबरीत सुटल्या होत्या, आता संध्याकाळच्या बादल्यांवर सगळा फैसला! डेअरीच्या बाई वजनकाटा लावून बसल्या होत्या. आणि ताईचा धाकटा भाऊ, ज्याला घरीदारी सगळे घाईराव म्हणत, तो आधीच जिंकल्यासारखा हसत होता.

पैजच तशी लागली होती. ठुमकी आणि राणी जुळ्या गाई, शेजारीशेजारी बांधलेल्या, व्यायल्याही एकाच आठवड्यात. दोन महिने राणीला दूध वाढवणारं हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं, ताईच्या ठुमकीला नाही. "सुई म्हणजे दिवसाला पाच लिटर जास्त, लिहून घे!" घाईराव छातीठोकपणे सांगायचा. राणी जिंकली तर गोठ्यातल्या अकराही गाईंना सुई, ठुमकी जिंकली तर एकीलाही नाही. मागे एकदा सुया सुरू केल्या, तेव्हा एका गाईची कास सुजून दगड झाली होती. हात लावला की बिचारी थरथरायची. ताई ते विसरली नव्हती.

"दिवसभराचं मिळून राणी एकवीस," बाई म्हणाल्या. "आणि ठुमकी... थांबा हं... साडेएकवीस!"

"अगं बाई!" ताई रिकामी बादली डोक्यावर धरून नाचायलाच लागली. घाईरावाचा चेहरा पार पडला. तो पाय आपटत गव्हाणीकडे गेला.

तेवढ्यात मामा आले. भाच्याला कसली आलीय फुरसत, म्हणून सुया टोचायचं काम त्यांच्याकडे होतं. "डावी जिंकली ना? माझ्या हाताला यशच आहे! न चुकता टोचली बघ."

ताईच्या डोक्यावरची बादली खाली आली. "मामा, टोचायची होती राणीला!"

"मला काय माहीत राणी कोण? दोघी सारख्याच दिसतात. हा म्हणाला डावी, मी डावीला टोचली."

"कुठून डावी?"

"मागून! सुई काय तोंडाकडून टोचतात?"

आणि घाईराव गाई बघायचा समोरून, गव्हाणीत चारा टाकता टाकता. त्याची डावी ती मामांची उजवी! ताईने ठुमकीच्या शेपटीजवळ चाचपून पाहिलं. बोटांना बारीक गाठी लागल्या.

गप्प बसलं तर अकराही गाई वाचत होत्या. बाईंनी तर वहीही उघडली होती. पण जिच्याविरुद्ध एवढं भांडली, त्या सुईच्याच जोरावर जिंकायचं? ताईला ते सहन होईना.

"बाई, लिहू नका," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

घाईरावाने टुणकन उडी मारली. "म्हणजे माझी सुईच जिंकली! जिंकली रे जिंकली!"

ताईचे डोळे भरून आले. बाई मात्र वहीकडे बघत होत्या. "कितीने?"

"अर्ध्या..." घाईराव अडखळला.

"आणि राणीने बिनसुईचं एकवीस दिलं?"

ताईने डोळे पुसले. "पाच लिटर ना रे? लिहून घे म्हणत होतास!"

घाईराव राणीकडे बघत राहिला, मग मान खाजवत हसला. "मामा, कपाटातल्या डाव्या खणात सुयांचा डबा आहे. दुकानात परत देऊन या."

मामा जागचे हलले नाहीत. "कुठून डाव्या?"