दोन रेघांच्या मधी

आजचं लातूर डोळ्यापुढं आणू नका बरं का. ही गोष्ट शहाऐंशीच्या मे महिन्यातली. जिल्हा होऊन चारच वर्षं झालेली, हापिसांच्या पाट्यांचा रंग अजून ताजा, आन् पावसाचा मात्र दोन वर्षं पत्ता नाही. चाकूरच्या कडेच्या वस्तीत टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. तो आला की सिंधुच्या घरात एकच शब्द ऐकू यायचा: भर! रांजण भर, घागर भर, तांब्या भर, औषधाच्या रिकाम्या बाटल्या भर. अर्धं भांडं दिसलं की पारूबाईचा, म्हंजे सिंधुच्या मायचा, जीवच राहायचा नाही.

सिंधु कांबळ्याची. डीएड होऊन दोन वर्षं घरी बसलेली. आन् त्या दिवशी दुपारी पोस्टमननं कार्ड आणून दिलं: उद्या अकरा वाजता जिल्हा परिषदेत, लातूरला, शिक्षिकेच्या जागेची मुलाखत. उद्या! कार्ड रस्त्यात कुठं झोपलं होतं कोण जाणे. पहिली यष्टी साडेनऊची, ती रडतखडत अकराच्या पुढं पोचवायची.

"यष्टी कशाला? माझी गाडी काय लोणचं घालायला हाय का?" तिचा भाऊ म्हणाला.

हा रामकिशन. गावोगावचे हातपंप दुरुस्त करायचा. आधी त्याच्याकडं जुनी फटफटी होती, पेट्रोलातच ऑइल मिसळायची. आता नवी चार स्ट्रोकची गाडी घेतलेली, हिच्या इंजिनात ऑइल वेगळं टाकायचं. त्याचं त्याला लई कौतुक. येईल त्याला दाखवायचा: मेन स्टँडवर उभी करायची, इंजिनाच्या बाजूचं झाकण फिरवून काढायचं, झाकणाला काडी असते, ती पुसायची, झाकण न फिरवता नुसतं टेकवून परत आत बुडवायची. काडीवर दोन रेघा. तेल त्या दोघींच्या मधी पाहिजे.

संध्याकाळी त्याला वस्तीतल्याच एका हातपंपावर चालत जायचं होतं. जाताना ओरडून गेला, "सिंधे, तेल बघून ठिव गं! डबे ट्रंकेमागं हायत."

सिंधुनं बघितलं. तेल खालच्या रेघेला टेकलेलं. तिनं डबा फोडला, थोडं ओतलं, आन् थांबली. डब्यात अजून होतं. उद्याची वाट पस्तीस किलोमीटरची. तेल कमी पडलं तर? नोकरी तर गेलीच, पुढची भरती कुठल्या साली कुणाला ठावं. रेघांचं आठवत होतं तिला, पण हात काही ऐकंना. रांजण भरणारा हात तो! तिनं पूर्ण डबा ओतला. दुसराही फोडला. तोंडापर्यंत तेल दिसलं तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

सकाळी आठला निघाले. पारूबाईनं प्लास्टिकची मोठी बरणी काठोकाठ पाण्यानं भरून दिली, झाकण घट्ट लावलं. सिंधु ती मांडीवर घेऊन मागं बसली. निळ्या काठाची पांढरी साडी, पिशवीत सर्टिफिकिटं, आन् रस्ता मोकळा. काय सकाळ होती म्हणता! दोन्ही अंगाला काळी भेगाळलेली रानं, पण वारं गार. रामकिशन शीळ घालत होता.

चार-पाच किलोमीटरवर शीळ थांबली. गाडी जड चालायला लागली. सिंधुनं मागं बघितलं तर रस्ताच दिसंना, नुसता पांढरा धूर. समोरनं येणारा गाडीवान ओरडला, "ओ पाहुने, मच्छर मारायलाव का?"

कोरड्या नदीच्या पुलाजवळ गाडी दोनदा फट् फट् करून गप्प झाली. रामकिशन खाली वाकला. इंजिनाच्या खालून, वरून, सगळीकडून तेल.

"गेलं," तो बसकण मारत म्हणाला. "इंजिनच गेलं. सहा महिने न्हाई झाले गं..."

घड्याळात पावणेनऊ. यष्टी अजून चाकूरहून निघायची होती, ती इथं दहापर्यंत येणार, आन् लातूरला? सिंधुला कळंना: बोलावं तर दादा काय म्हणंल, न बोलावं तर तो इथंच डोकं धरून बसणार.

"दादा, म्या दोन्ही डबे ओतले."

"कशात?"

"तुझ्या गाडीत. गळ्यापोत्तर."

रामकिशन तिच्याकडं वळला. "गाडी हाय का रांजण, सिंधे?" आन् मग हसायला लागला, पण कसं, रडवेलं. "आगं, जास्त झालं तरी मरती ती! उठ, खालचा नट काढू. भांडं दे."

भांडं एकच. पाण्याची बरणी. दोघांनी पोटभर पाणी पिलं, तरी निम्म्याच्या वर उरलं. आता ते ओतायचं. सिंधुनं बरणी तिरकी केली, आन् परत सरळ केली. मातीत पाणी सांडायला हातच होईना.

तेवढ्यात पुलाखालच्या वाळूतून एक म्हातारी वर आली, काखेत घागर. तिचं नाव केवळाबाई, हे पुढं कळलं. वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरायला बसली होती, घागरीच्या तळाला चार वाट्या जमलेल्या.

"मावशी, पानी घेता का? आमाला बरणी रिकामी करायची हाय," सिंधु म्हणाली.

"कोनाची गं तू?"

"चाकूरच्या कांबळ्याची."

म्हातारीनं बरणीकडं बघितलं, वाळूकडं बघितलं. मग घागर पुढं केली. "ओत. सांडू नको."

सिंधुनं एक थेंब सांडला नाही. मग बरणी पदरानं आतून कोरडी केली, निळा काठ ओलाचिंब झाला तरी बघितलं नाही. गाडी ढकलत पुलावर सपाटीला आणली. रामकिशननं हातपंपाच्या पिशवीतून पाना काढला. गरम तेल भस्सकन आलं, बोटं भाजली. नट परत घट्ट. प्लग काढून पुसला, पेट्रोलनं धुतला, फुंकला.

"आता तूच ओत," तो म्हणाला. "थोडं थोडं."

सिंधुनं ओतलं. काडी पुसली, नुसती टेकवली, बघितली. खालच्या रेघेच्या खाली. परत ओतलं. परत पुसली. कपाळावरचा घाम तेलात पडू नये म्हणून मान वळवून. तिसऱ्यांदा तेल बरोब्बर दोन रेघांच्या मधी आलं, आन् बरणीत निम्म्याहून जास्त उरलेलं असताना तिचा हात थांबला. म्हंजे तिनं थांबवला.

"ते उरलेलं टाकायलाव का?" केवळाबाई अजून तिथंच. "आमच्या बैलगाडीच्या आखाला होतंय. बरणी सांजच्याला घेऊन जा."

पंधराव्या का विसाव्या किकला गाडी खोकली, धुराचा एक मोठा लोट सोडला, आन् लागली!

इंजिन तापू नये म्हणून हळूहळू हाकत पोचले तेव्हा सव्वाअकरा. दारातला शिपाई बसवंत म्हणाला, "कांबळे? पुकारून झालं, बाई. गेलं तुमचं."

सिंधु त्याच्या हाताखालून आत शिरली. तीन साहेब बसलेले, मागं लोखंडी कपाटावर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव.

"ही काय वेळ झाली?"

तिनं काळे हात मागं लपवले, मग पुढं आणले आन् सगळं सांगितलं. आपणच भरलं हेही.

मधला साहेब म्हणाला, "पण काडी झाकणाचे आटे फिरवून बघायची."

"नाही हो साहेब, नुसती टेकवून," डावीकडचा.

"माझा मेहुणा तर फिरवतो!"

"फिरवली की काडी खोल जाते, साहेब," सिंधु म्हणाली. "तेल कमी असूनही पुरेसं दिसतं. नुसती टेकवायची." आन् तिनं टेबलावरची पेन्सिल उचलून शाईच्या दौतीवर दाखवलं, पहिलीच्या पोरांना दाखवावं तसं.

तिघंही पुढं झुकून बघत होते.

"बसा, बाई," मधला म्हणाला. "कागद दाखवा तुमचे."

बाहेर रामकिशन लिंबाखाली गाडीवर डोकं टेकून झोपलेला. तिनं हलवलं तसा दचकला.

"काय विचारलं गं?"

"तुझ्या गाडीचं."

"आनि?"

"आनि पंधरा दिवसांत हुकूम येतोय म्हन्ले. शाळा कुटली चालंल, हेबी विचारलं."

रामकिशन नुसता तिच्या काळ्या हातांकडं बघत राहिला, आन् मग खिशातला रुमाल काढून एकेक बोट पुसायला लागला.