नागोरावांच्या पाठीखालची स्प्रिंग

मी एक स्प्रिंग बोलतेय. पेनातली नव्हे आणि गादीतली तर नव्हेच. मोटारीच्या चाकापाशी चिखल खात, दगड सोसत उभी असते ती. त्यातही मी आखूड जातीची. मला बसवतात ते गाडी चांगली चालावी म्हणून नाही, ठेंगणी दिसावी म्हणून. माणसांना स्वतः उंच दिसायचं असतं आणि गाडी मात्र जमिनीला टेकलेली हवी असते. असो. ज्याची त्याची आवड.

भोसरीच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. पोलादाची कांब लालभडक तापवली, एका रुळाभोवती गुंडाळली आणि तशीच तेलात बुडवली. त्या चरचराटात माझा स्वभाव ठरला. मी कडक झाले ती कायमची. मग तांबडा रंग चढवून आम्हा चौघी बहिणींना एका खोक्यात कोंबलं आणि नाना पेठेतल्या दुकानात पाठवून दिलं.

तिथून आम्हाला अभिनवने उचललं. हा यवतमाळकडचा मुलगा, हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला, राहायला धायरीत. तेव्हा पुण्यात अशा मुलांचं पीकच आलं होतं. पहिल्या पगारवाढीला मोबाइल, दुसरीला जुनी गाडी आणि तिसरीला त्या गाडीची मोडतोड.

ही मोडतोड महिपतीच्या गॅरेजात झाली. गाडी जॅकवर चढवून त्याने आधीची उंच स्प्रिंग काढायला घेतली. ती काढताना लोखंडी आकड्यांत पकडून आवळून धरावी लागते, आणि निसटली तर समोरच्याचा जबडा जागेवर राहत नाही. अभिनव अगदी वाकून बघत होता.

“साहेब, तोंड मागं घ्या. दात तुमचं हायत,” महिपती म्हणाला.

मग त्या जागी मला बसवलं, मागच्या डाव्या चाकावर. माझ्या बुडाशी आटे पाडलेली एक जाड कडी असते. ती वर फिरवली की गाडी उचलली जाते, खाली फिरवली की बसते. महिपतीने ती मध्यावर ठेवली. अभिनवने टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घालून पाहिला. चार बोटं मावत होती.

“एवढा गॅप नको यार. दोन बोटं, बस.”

कडी पार तळाला गेली. जुन्या स्प्रिंगा महिपतीने गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवल्या.

घरी आल्यावर अभिनवच्या बायकोने, उत्कर्षाने, गाडीभोवती एक फेरी मारली. तिचं माहेर कसब्यातलं. तिने शांतपणे विचारलं, “यात बसायचं, की ही नेसायची?”

पावसाळा संपला आणि अभिनवचे वडील पुण्यात आले. नागोराव त्यांचं नाव. गावात त्यांची पिठाची गिरणी. जन्मभर पोती उचलून त्यांचा मणका सरकला होता, डावा पाय बधिर पडला होता. स्वारगेटजवळच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि नीट झालं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी अभिनवला बजावलं, “वाटेत जोराचा हिसका बसला तर मणका पुन्हा सरकेल. मग त्या पायाची खात्री मी देणार नाही. ॲम्ब्युलन्सने आडवं न्या.”

नागोराव ऐकेनात. “ॲम्बुलन्स दारात उभी राह्यली म्हंजे गावात फोन जाते, नागोराव गेला. त्या गाडीत माणूस मेल्यावर आनतेत बावा. तुही गाडी हाय नं? तिच्यातच ने मले.”

पोराने पुण्यात गाडी घेतली, हे त्यांनी सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं. तिच्यात ते अजून एकदाही बसले नव्हते. त्यांना नाही म्हणणं अभिनवला जमलं नाही.

मग तो सकाळीच महिपतीकडे धावला, जुन्या मऊ स्प्रिंगा परत बसवायला. पण तो गुरुवार होता. गुरुवारी तिकडची वीज जाते, म्हणून गॅरेज बंद. पुण्यात इतकी वर्षं काढून हे त्याला आठवलं ते खाली ओढलेल्या शटरसमोर उभं राहिल्यावर. स्प्रिंगा आत, कुलूप बाहेर.

आता त्याच्या हातात एकच होतं, माझी कडी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावून तो तिच्याशी झटू लागला. मातीने ती घट्ट धरली होती. हातोडी मारली, तेल सोडलं, बोटं सोलून निघाली. एकेक करत चारही कड्या त्याने पार वरपर्यंत चढवल्या. गाडी उंच झाली, मडगार्डखाली अख्खा पंजा मावू लागला, आणि त्याच्या जिवात जीव आला. माझ्या नाही आला. उंची वाढली, पण मी तीच होते ना! कडी फिरवून कुणाचा स्वभाव बदलत नाही.

शिवाय गाडी हलकी तर हिसके हलके, असा त्याचा हिशेब. दवाखान्याच्या दारात त्याने पुढची सीट मागे पाडून नागोरावांना तिच्यावर निजवलं. आई वेणूबाई आणि उत्कर्षा सगळं सामान घेऊन मागून रिक्षाने.

नागोरावांच्या पाठीच्या सगळ्यात जवळ मीच होते. मला भीती वाटत होती, साफ सांगते.

दांडेकर पुलानंतर पहिला स्पीडब्रेकर आला. अभिनवने गाडी अगदी मुंगीच्या पावलांनी नेली. मी दबायला तयार होते, पण दबायला ओझं लागतं. रिकामी गाडी आणि एक वाळलेला म्हातारा, एवढ्याने माझा एक वेढा हलेना. चाक चढलं आणि आपटलं, आणि तो सगळा दणका नागोरावांच्या पाठीत गेला. ते ओरडले. मी अशी किंकाळी कधी ऐकली नव्हती.

अभिनवने गाडी कडेला घेतली. “बाबा, पायाचा अंगठा हलवा. डावा.”

अंगठा हलला नाही.

“बाबा, प्लीज!”

“थांब नं रे,” ते दात आवळून म्हणाले. मग खूप वेळाने अंगठा जरासा हलला. धायरीपर्यंत असे किती तरी स्पीडब्रेकर होते आणि आता अभिनवला पुढेही जाववेना, मागेही.

तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली. वेणूबाई उतरल्या. त्या अंगापिंडाने भरलेल्या, एरवी जिना चढताना थांबत थांबत चढणाऱ्या. आता त्यांनी गाडीचं मागचं दार ओढून उघडलं.

“आई, नको. वजन वाढेल, गाडी खाली घासेल.”

“घासू दे. तुही गाडी घासली तं घासली. माह्या माणसाले असं एकट्याले ओरडू देत नाही मी.”

त्या बसल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यांखाली दोन्ही हात घातले. त्यांच्या शेजारी उत्कर्षा शिरली. डिकीत वळकटी, भांडी, गावाहून आणलेला पिठाचा डबा, सगळं गेलं.

“मॅडम, धायरीचं ठरलं होतं,” रिक्षावाला म्हणाला.

“बरोबर. होतं,” उत्कर्षा म्हणाली.

गाडी निघाली. पुढचा स्पीडब्रेकर आला तेव्हा नागोरावांनी डोळे मिटून घेतले. चाक चढलं, आणि त्या सगळ्यांच्या भाराने मी दबले. हळूच दबले आणि हळूच वर आले. नागोराव कळ यायची वाट बघत राहिले. ती आली नाही.

पण आता गाडीचं पोट जमिनीजवळ गेलं होतं. घासली असती तर दणका खालून बसला असता. खरी धास्ती शेवटच्या स्पीडब्रेकरची होती. तो सोसायटीने स्वतःच काँक्रीट ओतून केलेला, दोन पायऱ्यांएवढा. अभिनवने गाडी तिरपी घातली. एकेक चाक चढवलं, एकेक उतरवलं. सगळ्यात शेवटी माझं चाक. सगळा भार माझ्यावर आला. गाडीचं पोट सिमेंटवरून केसाच्या अंतराने सरकलं आणि पलीकडे गेलं.

घरात पलंगावर निजवल्यावर वेणूबाईंनी नवऱ्याच्या डाव्या तळव्यावरून बोट फिरवलं. नागोरावांनी पाय झटकन ओढून घेतला. “गुदगुल्या कायले करतं वं?” ते चिडून म्हणाले. अभिनव स्वयंपाकघरात जाऊन रडला.

नंतर आम्हाला काढलंच. त्या दिवशी नागोराव स्वतःच्या पायांनी गॅरेजात आले होते. त्यांनी मला दोन तळव्यांत धरून दाबून पाहिलं. “कडक हाय बावा,” ते म्हणाले. “एका माणसाले नाही आयकत.”

आता मी महिपतीच्या भिंतीवर टांगलेली आहे. पोरं येतात, माझ्याकडे बोट दाखवतात. न्या की मला, नाही कोण म्हणतंय? पण एकट्याने बसून मिरवायला नेऊ नका. आईवडील, बायकापोरं, गावाकडची बोचकी, सगळं कोंबून भरा. धायरीच्या वाटेवर वेणूबाई बसल्या, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा वाकले. तसं पुन्हा एकदा वाकायची माझी फार इच्छा आहे.