राघोची सही

उत्तरेतल्या कुठल्याशा शहरात बसस्थानकावर गोळीबार झाला, एकोणीस माणसं गेली आणि त्यात साड्यांचे नमुने घेऊन गेलेला आपला भाऊ योगेंद्र होता, हे जयश्रीला मंगळवारी दुपारी वर्गातच कळलं. ती सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत चौथीला शिकवायची. फळ्यावर भागाकार अर्धा राहिला होता. तिने तो पुरा केला, मुलांना उतरवून घ्यायला सांगितलं, आणि मग ती वर्गाबाहेर गेली.

बुधवारी शव आलं तेव्हा गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कापडाच्या लूमवरचे, यंत्रमागांवरचे ओडिया कारागीर, बिहारी, युपीवाले, कोपऱ्यावरचा गुजराती किराणावाला, सगळे आले होते. एकाही घरात चूल पेटली नव्हती. तिरंगा घेऊन आलेली पोरं ‘भारत माता की जय’ म्हणत होती आणि म्हणता म्हणता रडत होती. राघो, जयश्रीचा बाप, भिंतीला टेकून नुसता बघत होता. त्याला धरून बसला होता हसन पिंजारी. दोघं एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या लूमवर वीस वर्षं होते. राघो अमळनेरकडचा, हसन पारोळ्याचा. दोघांच्या तोंडी अहिराणी. सरलाबाईने, जयश्रीच्या आईने, आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिला पहिला घोट पाजला तो हसनच्या बायकोने.

त्या दिवशी जयश्रीला वाटलं होतं, एवढी माणसं आपली आहेत.

शुक्रवारी बन्सीलाल आला. तो गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष, शिरपूरकडचा, घरातल्यासारखाच. म्हणाला, “जयूताई, योगेंद्रभाऊचा एक चांगला फोटो दे. उद्या शोकसभा ठेवलीय.” तिने मोबाइलमधून दिला. मग तो राघोपाशी गेला, एक कागद पुढे केला. “काका, इथं सही.” राघोने केली. बन्सीलालने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो गेला.

शनिवारी सकाळी जयश्री दूध घेऊन परतत होती. वीजमंडळाच्या खांबाला भावाचा फोटो डकवलेला दिसला, म्हणून ती थांबली. खाली गुजरातीत मजकूर होता. ती सुरतेतच वाढलेली, तिला गुजराती घडाघडा वाचता यायचं. वीर योगेंद्रच्या बलिदानाची शपथ घेऊन गल्लीने ठरवलंय की यापुढे मुसलमानांना इथं घर भाड्याने द्यायचं नाही. जे राहतात त्यांनी पंधरा तारखेच्या आत निघावं. त्यांच्या दुकानातून, त्यांच्या रिक्षातून कुणी काही घ्यायचं नाही, बसायचं नाही. खाली सह्या. पहिली सही तिच्या बापाची.

तिने ती पुन्हा वाचली. ‘रा’चा काना नेहमीसारखा लांब ओढलेला होता. दुधाची पिशवी हातातून कधी निसटली, तिला समजलं नाही. कुणीतरी म्हणालं, “ताई, दूध सांडलं.”

तिने तो कागद खांबावरून काढला आणि ती तशीच घरी आली. “आबा, तुम्ही काय लिहून दिलंय ते माहीत आहे?”

“शोकसभाना कागद,” राघो म्हणाला.

तिने वाचून दाखवलं. एकतीस वर्षं सुरतेत काढली, पण गुजराती अक्षर त्याला बसच्या पाटीपुरतंच येत होतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “परत वाच.” तिने परत वाचलं. त्याचा चेहरा तिने मंगळवारीही असा पाहिला नव्हता.

ती बन्सीलालच्या दुकानी गेली. “भाऊ, आबांना फसवलंत तुम्ही.”

“फसवलं कसलं?” तो अगदी मायेने बोलला. “ताई, तुझंच दुःख आम्ही डोक्यावर घेतलंय. देश एक झालाय आज, बघतेस ना?”

“आणि हसनकाका?”

“एकासाठी नियम मोडता येतो का?” असं म्हणून त्याने गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

संध्याकाळी पाचला चौकात सभा भरली. मांडव, खुर्च्या, हार घातलेला मोठा फोटो. भाषणं झाली. प्रत्येकजण एकतेवर बोलला. शेवटी बन्सीलालने राघोला हाताला धरून माइकपाशी नेलं. “वीरपुत्राचे पिताजी दोन शब्द बोलतील.”

राघो जन्मात माइकवर बोलला नव्हता. त्याने हिंदीत सुरुवात केली, अडखळला आणि घरच्या बोलीवर आला.

“मना पोऱ्या मरी गया. त्याले कोनी मारं, माले माहीत नही. पन हसन पिंजारीनी मारं नही. तो मना जोडे बठेल व्हता. त्या कागदवर मनी सही शे. माले गुजराती वाचता येत नही. मी ती सही परत लेस. मना पोऱ्याना नाववर कोनलेच घरना बाहेर…”

माइक बंद पडला. नव्हे, कुणीतरी बंद केला. मागून कुणीतरी घोषणा दिली, आणि बुधवारी जी घोषणा ऐकताना जयश्रीच्या अंगावर काटा आला होता, तीच शंभर गळ्यांतून बापाच्या आवाजावर येऊन पडली. राघोचे ओठ हलताना दिसत होते. जयश्री मंचावर चढली, त्याला धरून खाली घेऊन आली. वाट द्यायला माणसं बाजूला झाली, पण नजर कुणी दिली नाही. “सदमे में है बुढ्ढा,” कुणी बोललं. फक्त एका ओडिया कारागिराने हात जोडले, तेही छातीशी, कुणाला दिसू नये असे.

रविवारी सकाळी हसनच्या दाराशी टेम्पो लागला. जयश्री धावत गेली. “काका, पंधरा तारखेला अजून वेळ आहे. आपण पोलिसांत जाऊ. आबा बोलले ना काल!”

“तो बोलना, बेटा. मी आयकं,” हसन म्हणाला. “तो बोलना म्हनीसन मी डोकं वर करीसन जाई ऱ्हायनू. पन मनी पोर दार उघडाले भ्यास. पलसाण्याले मेव्हणाकडे जातस.”

राघो मागून आला होता. त्याने लोखंडी कपाटाचं एक टोक उचललं, दुसरं हसनने. जिना अरुंद. कपाट अडकलं तेव्हा जयश्रीने मधून हात लावला. वरच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. बुधवारची तीच माणसं. खाली कुणी उतरलं नाही. टेम्पो वळला तरी राघो रस्त्यातच उभा होता. शेवटी जयश्रीने त्याला घरी आणलं.

सरलाबाई पाच दिवसांत पहिल्यांदाच उठून दारापर्यंत आली होती. टेम्पोचा आवाज तिने ऐकला असावा.

“कोन गया?” तिने विचारलं.

“हसन,” राघो म्हणाला.

ती दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं अशी.

“पोऱ्या गया, हसन बी गया?”

राघो उंबऱ्यावरच खाली बसला. जयश्रीला आईला सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. कुठून सुरुवात करावी हेच तिला कळेना.