मी काढलेली सरळ रेघ

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. अडगळीत पडलेलं, पडदा विझलेलं. ऐंशीच्या दशकात वाशीच्या एका रुग्णालयात मी आलं, तेव्हा मला झाडूनपुसून झाकून ठेवत.

माझं काम साधं. बेशुद्ध माणसाच्या कानात मी टिकटिक सोडत असे. कीर्तनात बुवांनी चरण घेतला की मागचे टाळकरी तो उचलून धरतात ना, तशी आधी कानाची नस आणि मग मेंदूच्या तळाचा देठ माझी टिकटिक उचलून धरी. त्या विजेच्या बारीक लाटा पडद्यावर उमटत. नस बोलली आणि पुढे सारं गप्प, तर डॉक्टरांचे चेहरे उतरत. मेंदू मेला का, हे ठरवताना इतर तपासण्यांबरोबर माझीही साक्ष घेत.

एकदा मोरा बंदरातल्या जयदेव कोळ्याला आणलं. होडीत पडून डोक्याला मार बसलेला. झटके थांबवायच्या औषधांची गुंगी एवढी, की बाकीच्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येईना. श्वास यंत्रावर. तो चालू ठेवायचा की नाही, सारे माझ्याकडे बघत होते. मी टिकटिक सोडली. पडद्यावर सरळ रेघ.

त्याची बायको येसूबाई कडाडली, "ह्यो डबा माज्या धन्याला मेला म्हनतो? या मेल्याला काय कलतंय?"

डॉक्टर अरुणाबाई रेघेकडे बघतच राहिल्या. "नसेची पहिली लाटसुद्धा नाही? म्हणजे टिकटिक कानाच्या नसेला पोचलीच नसेल. येसूबाई, यांना ऐकू कमी यायचं का?"

"कमी? मी बाजारान शिव्या घातल्या, त्या याला होडीन ऐकू जायच्या!"

अरुणाबाईंनी बॅटरी धरून कानात पाहिलं आणि चिमट्याने कापूस ओढला. खोल कोंबलेला, तेलाने चिंब. दुसऱ्या कानातही तसाच.

येसूबाईने तो कापूस हातात घेतला. "हितं आनताना वारा शिरंल म्हनून मीच घातला, बाय. आई एकवीरेच्या दिव्याचा तेल हाय. मी मारला का त्याला?"

"नाही हो. आधी कान बघायचं आमचंच राहिलं."

कान स्वच्छ झाले. मी पुन्हा टिकटिक सोडली. नस बोलली. तिच्यामागे एक लाट, मग आणखी एक... मेंदूचा देठ साथीला उभा!

"वचन देत नाही," अरुणाबाई म्हणाल्या, "पण श्वासाचं यंत्र काढायचं नाही."

गुंगी उतरत गेली, तशी जयदेवची बोटं येसूबाईच्या हातात हलली. ती रडतारडता माझ्याकडे वळली. "डब्या, शानपना शिकलास रं!"

मित्रांनो, आता माझ्यावर धूळ आहे, त्याचं फारसं दुःख नाही. मागणं एकच. कुणी गेला असं म्हणण्याआधी आपली हाक त्याच्यापर्यंत पोहोचली का, तेवढं बघा. त्या दिवशी जयदेव गप्प नव्हता. माझी हाकच दारात अडली होती.