तळहातावरचे काळे ठिपके

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर ठिपकेबुवा एकेकाच्या तळहाताला तपकिरी औषध फासत, ते वाळू देत आणि हात पांढऱ्या कागदावर दाबत. कागदावर बारीक काळे ठिपके उमटत. हे तुमचं विष, बुवा सांगत. मग हात मंतरलेल्या गार पाण्याच्या बादलीत बराच वेळ बुडवून, पुसून पुन्हा तेच करत. या वेळी कागद कोरा! लोक भारावून हात जोडत.

मागे उभ्या नर्सबाईंचा जीव मात्र तीळतीळ तुटत होता. बुवांनी साखरेचं विष काढलं म्हणून त्यांच्या धाकट्या भावाने इन्सुलिन सोडलं होतं. तो खंगत चालला होता, तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता. बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आजही तो रांगेत पुढे उभा होता. काल घरी त्याच्या हाताला आयोडीनचा वास आला, तो बाईंच्या रोजच्या ओळखीचा. त्याच्या तळहातावरून बोट फिरवून त्यांनी जिभेला लावलं. तुरट.

बाई तडक मंचावर चढल्या. बुवांच्या बादलीत फक्त डावा हात बुडवून ठेवला, नीट पुसला. मग पर्समधल्या बाटलीतलं आयोडीन दोन्ही तळहातांना लावून वाळवलं आणि ते बुवांच्याच कागदावर दाबले. उजवीकडे ठिपकेच ठिपके, डावीकडे काही नाही.

"माझं विष काय फक्त उजव्या हातात होतं?" त्यांनी विचारलं.

श्रद्धा अर्धी असली की गुणही अर्धाच येतो, बुवा म्हणाले. काहींनी मानाही डोलावल्या. बाईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. तरी आवाज आवरून त्यांनी सांगितलं, की कातडीत घामाच्या ग्रंथी असतात, तळहातात तर खच्चून भरलेल्या. कागदाला खळ, म्हणजे स्टार्च, असते; आयोडीन लागलं की ती काळी पडते. छिद्रातून घाम आला की त्या ओलीने आयोडीन खळीला लागतं आणि काळा ठिपका पडतो. बादलीतल्या गार तुरटीच्या पाण्याने छिद्रं आवळतात, घाम थांबतो, ठिपकाही थांबतो.

थोडे लोक उठून गेले. बाकीची रांग पुढे सरकली.

भाऊ तेवढा खाली मान घालून बाईंच्या मागे बाहेर आला. बाकावर बसवून त्यांनी त्याच्या बोटाचं रक्त तपासलं. यंत्रावरचा आकडा पाहून त्याचं तोंड उतरलं.

"मग ताई, घामातून साखरेचं विष निघतच नाही?"

"घाम अंग गार ठेवतो. तुझा आजार काढणं हे त्याचं काम नाही," रिक्षाला हात करत बाई म्हणाल्या. "नवल दिसलं तर खुशाल बघ. पण ते कशामुळे घडलं, हे विचारायचं. आणि तोवर औषध सोडायचं नाही. चल, दवाखान्यात."