जांभळ्या काठाचं लुगडं

गोदावरी आषाढ लागायच्या आधी गेली, आणि पोळा झाला तसा खेमराजच्या घरात भर दुपारी चरखा वाजायला लागला.

आता मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात चरख्याचं काय कौतुक. कांड्या भरायचा चरखा घरोघरी. नवरा मागावर बसतो, बायको चरख्यावर. ती सूत भरून कांडी देते, तो ती धोट्यात घालून विणतो. पण हा चरखा खुंटीला टांगलेला होता, आणि त्याची दोरी खेमराजनं स्वतःच्या हातानं काढून ठेवली होती. बिनदोरीचा चरखा वाजतो कसा, हे विचारायचं कोणाला? विचारलं असतं तर सगळ्या पुऱ्यानं त्याला वेड्यात काढलं असतं. लोकांना काय, तोंडाला काम पाहिजे असतं.

वाजायचा तोही धड नाही. चाक थोडं फिरायचं नि थांबायचं. पुन्हा थोडं फिरायचं, पुन्हा थांबायचं. खेमराज मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असायचा आणि ऐकत राहायचा. गोदावरीचा चरखा असा नव्हता. एकदा बसली की धोट्याला दम खाऊ देत नसे ती. मग हा कोणाचा चरखा? आणि मग त्याला हळूहळू आठवायला लागलं, की शेवटच्या वर्षी तिचाच चरखा असा थांबत होता.

तिचा आजार कळला होळीनंतर. पाण्याची घागर उचलायला गेली आणि विहिरीपाशी खालीच बसली. सुलोचनाबाईनं, म्हणजे शेजारणीनं, तिला धरून घरी आणलं, पदर सारून पाहिलं. डाव्या छातीत गाठ होती, पार काखेपर्यंत पसरलेली. सिहोऱ्याहून गोदावरीचा भाऊ टिकाराम धावत आला. दोघांनी तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर भला माणूस होता. तपासून झाल्यावर त्यानं विचारलं, "बाई, कधीपासून आहे हे?"

गोदावरीनं भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "संक्रांतीपासून असंन जी."

डॉक्टर खेमराजला बाजूला घेऊन म्हणाला, "कॅन्सर आहे. बाई संक्रांत म्हणतात, पण मला तसं वाटत नाही. दिवाळीच्या आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

मला तसं वाटत नाही. हे एवढं वाक्य खेमराजच्या मानगुटीवर बसलं ते उतरेना. तेरवीला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत राहिला, "एकाएकी झालं जी. संक्रांतीपर्यंत चांगली होती." लोक माना डोलवायचे. एकाएकीच झालं असेल तर त्यात कोणाचा काय इलाज. पण एकाएकी झालं नसेल, तर ती त्याच्यासमोर, हातभर अंतरावर बसून मरत होती आणि याला पत्ता नव्हता. खरं काय ते सांगणारी तर निघून गेली होती.

तिच्या शेवटच्या वर्षाची गोष्टच वेगळी होती. एकोणऐंशीच्या साली पावसानं दगा दिला, तलाव आटले, धानाचं शेतातच वाळून तणीस झालं. आणि कोष्ट्याचं पोट शेतकऱ्याच्या धानाला बांधलेलं. बपेऱ्यापासून सिहोऱ्यापर्यंतच्या बाया कापणी झाली की नवी लुगडी घ्यायच्या. त्या वर्षी कोणाची कापणी आणि कसलं लुगडं. व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली, मग विणकरांच्या सोसायटीनं माल उचलणं बंद केलं. पोळ्याच्या तोंडावर खेमराज आपला गठ्ठा घेऊन गेला, तर सोसायटीचा तपासनीस ताराचंद म्हणाला, "गठ्ठा सोडू नको खेमराज. वरून हुकूम आहे, एकही नग घ्यायचा नाही. जसा आणला तसाच घेऊन जा." खेमराजनं तो न सोडता परत आणला आणि कोनाड्यात ठेवून दिला.

तरी माग चालूच ठेवला त्यानं. बसून करणार काय? घरात होतं तेवढं सूत, मग उधारीवर आणलेलं सडकं सूत. विणलं, घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवलं. पुन्हा विणलं. चांगल्या दिवसांत तो मागावरून कापड उतरवलं की अंगणात उजेडाला धरायचा, काठावरून बोट फिरवायचा, कारण ताराचंदचं बोट फार वाईट. जरा काठ ढिला लागला की नग परत. पण जो माल कोणी उचलणारच नाही, त्याचा काठ कोण पाहत बसतो?

ढिल्या कांड्या त्याला जाणवल्या नव्हत्या असं नाही. एकदा धोट्यातच सूत सुटून गुंता झाला तेव्हा तो खेकसला होता, "काहून वो, कांडी अशी ढिली काहून भरून राहिली? लक्ष कुठं हाये तुवं?"

"सूतच सडकं हाये जी," गोदावरी म्हणाली होती. "घडी घडी तुटते. मी का करू?"

आणि त्याला ते पटलं. का पटू नये? सगळ्या पुऱ्यात सूत तुटतच होतं. बाईला खोटं बोलायला मंदीनं आयतं कारण आणून दिलं होतं. आणखी एकदा तिनं नुसतं म्हटलं होतं, "माल उचलला का दोन दिवस सिहोऱ्याले जाऊन येतो म्हणते." त्यानं "बघू" म्हटलं. ती पुन्हा कांडी भरायला लागली.

तर हा असा चरखा दुपारी वाजायचा, आणि खेमराज कान दाबून बसायचा.

पुढच्या साली धान बरा पिकला. दिवाळी झाल्यावर सोसायटीचा निरोप आला, जुना माल घेऊन या. खेमराजनं सगळा ढीग पोत्यात बांधला आणि खांद्यावर टाकून निघाला. मनात म्हणाला, बरं झालं, घरातून जाईल तरी.

ताराचंदनं वरचं लुगडं उलगडलं, काठाला बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खेमराज, हे का रे? आडवा बाणा ढिला, काठाशी सुताचे फासे पडले. तू तर असं विणत नव्हता."

"सूत सडकं होतं," खेमराज म्हणाला.

"सुताचा दोष वेगळा दिसते. हा कांडी भरणाऱ्या हाताचा हाये. सूत ताणून धरणारा डावा हात पडून पडून जाते, तवा असं होते." बोलता बोलता त्याला आठवलं की कांड्या भरणारी कोण होती, आणि तो ओशाळून लुगड्याची घडी घालायला लागला.

कोणतं लुगडं कधी विणलं हे खेमराजला काठाच्या रंगावरून ठाऊक होतं. त्यानं ताराचंदच्या हातून लुगडं काढून घेतलं आणि स्वतःच एकेक उलगडायला लागला. हे हिरव्या काठाचं, होळीच्या वेळचं. ढिलं असणारच, त्याच सुमारास तर गाठ कळली. हे तांबडं, संक्रांतीचं. तेही ढिलं. ठीक, ती म्हणालीच होती संक्रांत. आता खालचं ताठ निघू दे, एवढंच त्यानं देवाला म्हटलं. खालचं पिवळ्या काठाचं होतं, दिवाळीच्या आधीचं. त्यानं बोट फिरवलं. काठावर जागोजाग फासे लागले. त्याखालचंही तसंच.

शेवटी पोत्याच्या तळाशी तोच न सोडलेला गठ्ठा राहिला. त्यातली सगळी लुगडी चांगली निघाली, फक्त सगळ्यात शेवटी विणलेलं एक सोडून. जांभळ्या काठाचं. तो रंग गोदावरीनं स्वतः पसंत केला होता. अर्ध्यापर्यंत काठ दोरीसारखा ताठ होता. तिथून पुढे ढिला होत गेला होता. खेमराजनं बोट त्या जागेवर ठेवलं आणि उचललंच नाही.

पोळ्याच्या आधी. दिवाळीच्याही कितीतरी आधी.

"ताराचंद," तो म्हणाला, "त्या दिवशी तू हे उघडलं असतं तर?"

ताराचंद खाली बघत बोलला. "परत केलं असतं. म्हटलं असतं, घरी जाऊन विचार, कांड्या काहून ढिल्या येऊन राहिल्या."

"आणि मी विचारलं असतं."

"विचारलंच असतं तू. नग परत गेला का तू गोदावरीले सोडते थोडी? रागानं का होईना, विचारलं असतं."

बाकी सगळी लुगडी ताराचंदनं घेतली, ढिलीसुद्धा, एक शब्द न काढता. जांभळ्या काठाचं तेवढं खेमराजनं घडी करून काखेत घेतलं. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं तर आता एकाएकी झालं असं सांगता येणार नाही, याचीच त्याला धास्ती वाटत होती. तो बाजाराची वाट सोडून तलावाच्या पाळीवरून घरी गेला.

दुपार होती. दार ढकललं तेव्हा आतल्या खोलीत चरखा चालूच होता. फिरत होता, थांबत होता. इतके महिने तो त्या खोलीत दुपारी पाय टाकत नव्हता. आज गेला. खुंटीखाली जमिनीवर बसला, लुगडं मांडीवर घेतलं, बोट त्या जागेवर ठेवलं. भीती वाटत नव्हती, लाज मात्र वाटत होती.

"हात दुखते का वो?" त्यानं विचारलं.

चरखा थांबला.

त्या दिवसापासून तो पुन्हा कधी वाजला नाही. सुटला म्हणावं खेमराज, तर तसंही नाही. रोज दुपारी तो माग सोडून उठतो, खुंटीखाली जाऊन बसतो आणि तेच विचारतो. मग उत्तराची वाट पाहतो.