एक बोट फट

काकूंची अट ऐकून माझं डोकंच सटकलं. "दाराखालची पट्टी कापा, पण दार उघडायचं नाही."

"मग काय जमिनीवर झोपून कापू?" मी म्हटलं.

मामा खाकरला. म्हणजे, गप्प बस. तो दारं बसवतो आणि शाळा सोडल्यापासून मी त्याच्याबरोबर जाते. या नव्या इमारतीत खिडक्या घट्ट बंद. छतातलं मशीन झोपायच्या खोल्यांत ताजी हवा सोडतं, बाथरूम आणि स्वयंपाकघरातून जुनी ओढून घेतं. हवेला मधून जायला जागा हवी, म्हणून प्रत्येक दाराखाली एक बोट फट ठेवायची.

काकूंनी काकांच्या झोपायच्या खोलीची फट लाकडी पट्टी चिकटवून बुजवली होती. काका वारले त्याच दुपारी.

"त्यांचा वास आहे आत," काकू म्हणाल्या. "फटीतून निघून जाईल."

दोन महिने ते दार बंदच. आता भिंतींना बुरशी धरली, म्हणून त्यांच्या मुलाने आम्हाला पाठवलं होतं.

मामाचं पोट आडवं येतं, त्यामुळे पालथं मलाच पडावं लागलं. भुसा मशीनमध्ये ओढला जाऊ नये म्हणून मामा ते बंद करून आला. घर एकदम मुकं झालं. मी पातळ करवत पट्टीला लावली.

वीतभर कापलं असेल, तेवढ्यात भुसा हलला. दाराखालून आत गेला. मग बाहेर आला. परत आत.

"मामा, मशीन बंद केलंस ना?"

"आता तू मला शिकव! बंदच आहे."

"मग ये आणि बघ."

मामा वाकला. भुसा आत, बाहेर, आत, बाहेर. मधेच अडला आणि तीन झटके देत बाहेर उडाला.

"वारा असेल," मामा म्हणाला, पण म्हणताना दोन पावलं मागे गेला.

"कुठला वारा? खिडकीला रबर आहे!"

काकू मागे उभ्या होत्या. हसत होत्या. "खोकला तो. असाच यायचा त्यांना."

त्या खाली बसून बघत राहिल्या. भुसा आता जेमतेम हलत होता. आत थोडासा, बाहेर थोडासा. काकूंचं हसू गेलं.

"इतका वरवर श्वास शेवटच्या दिवशी पण नव्हता." त्यांनी पट्टीला हात लावला. "मीच कोंडलं की काय त्यांना?"

त्या एकदम माझ्याकडे वळल्या.

"काप, पोरी. लवकर काप."

"वहिनी, अहो, पण मग तो वास..." मामा पुटपुटला.

"काप म्हणते ना!"

खांदा भरून येईपर्यंत कापलं. पट्टी सुटली आणि माझ्या तोंडावर कोमट हवा आली. बाम, जुना स्वेटर, औषधाची बाटली. केस मागे उडाले. संपेचना. हॉलमधल्या टेबलावरचं वर्तमानपत्र फडफडलं. मग हवा थांबली.

काकूंनी फटीपाशी तळहात धरला. "आता आत घेतील," म्हणाल्या.

आम्ही थांबलो. भुसा तसाच पडून होता.

शेवटी त्या म्हणाल्या, "लावा तुमचं मशीन."

मामा जागचा हलेना. मीच गेले, बटण दाबलं. छतात घरघर सुरू झाली. दाराखालून हवा यायला लागली, गार, सारखी, न थांबणारी.

काकूंनी थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग काढून घेतला.

"दार उघड आता," म्हणाल्या.